परसातल्या पत्र्याच्या शेडला वीज न्यायची आहे: अर्थिंग घरातून न्यावे की तिथेच वेगळे करावे?

परसबाग

नमस्कार. घराच्या मुख्य बोर्डापासून सुमारे 40 मीटरवर, बागेच्या टोकाला लोखंडी सांगाड्याची आणि पत्र्याची शेड उभी केली आहे. तिथे दिवे, दोन-तीन सॉकेट आणि 1,500 वॅटची लाकूड कापण्याची करवत चालवायची आहे. ज्यांना काम दाखवले त्यांचे म्हणणे असे, की घरातल्या एखाद्या सॉकेटवरून प्लास्टिकच्या पाइपमधून वायर न्यावी, शेडजवळ अर्थिंगचा एक रॉड ठोकावा आणि 16 अँपिअरचा एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडून पुरवठा तोडणारा स्विच) बसवावा, की काम झाले. आजूबाजूची माती पावसाळ्यात बरेच दिवस ओली असते आणि शेडमध्ये घरातली मुलेही ये-जा करणार आहेत, त्यामुळे एवढ्यावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

फेज-न्यूट्रल

आपली शंका रास्त आहे. सांगितलेल्या योजनेत माणसाचा जीव वाचवणारी एकही वस्तू नाही. एमसीबी वायरला जळण्यापासून वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. हे नुसते मत नाही, साधा हिशेब करून पाहता येतो. बागेत ठोकलेल्या एका रॉडचा जमिनीशी रोध 50 ओहम आहे असे धरा. करवतीतल्या फेजच्या तारेचे इन्सुलेशन खरवडले जाऊन ती लोखंडी बॉडीला टेकली, तर 230 भागिले 50, म्हणजे जेमतेम 4.6 अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने तो किरकोळ लोड आहे, त्यामुळे तो पडणार नाही आणि करवतीची बॉडी, तिच्या अर्थिंगला जोडलेला शेडचा सांगाडा आणि पत्रे जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर तसेच राहतील. बाहेरून काहीही बिघडलेले दिसणार नाही. ओल्या मातीत अनवाणी उभे राहून कोणी दाराला हात लावला, की मग कळेल.

म्हणून शेडच्या बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह यांतला फरक तो पाहतो. फरक 30 मिलिअँपिअर झाला, तर 300 मिलिसेकंदांच्या आत आणि 150 मिलिअँपिअर झाला, तर 40 मिलिसेकंदांच्या आत तो पुरवठा तोडतो. वरच्या उदाहरणातल्या 4.6 अँपिअरला तो तत्काळ पडेल.

आता आपला मूळ प्रश्न. घराला अर्थिंग कोणत्या पद्धतीने मिळते, हे आधी पाहावे लागेल. काही ठिकाणी वीजपुरवठादाराच्या न्यूट्रलवरच ग्राहकाचे अर्थिंग घेतलेले असते. अशा जोडणीत बाहेर कुठे न्यूट्रल तुटला, तर अर्थिंगला जोडलेले सगळे धातू जिवंत होऊ शकतात, म्हणजे त्यांत वीज उतरू शकते. घरात पाइप, सळया असे सगळे एकत्र बांधलेले असल्याने हाताला आणि पायाला फारसा फरक जाणवत नाही, बागेत मात्र पाय थेट मातीवर असतात. त्यामुळे अशा घरातले अर्थिंग पत्र्याच्या शेडपर्यंत नेऊ नये, तिथे स्वतंत्र रॉड आणि आरसीसीबी ही जोडी वापरावी आणि केबलचे आर्मर (तिच्यावरचे धातूचे कवच) घराच्या बाजूला अर्थ करून शेडच्या बाजूला तिथल्या अर्थिंगपासून अलग ठेवावे. घराचे अर्थिंग न्यूट्रलपासून वेगळे आणि खात्रीचे असेल, तर तेच केबलबरोबर नेता येते. कोणतीही पद्धत घ्या, शेडच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडायचे नाहीत. तसे केले, तर परतीच्या प्रवाहाचा काही भाग अर्थिंगच्या मार्गाने वाहू लागतो आणि पुढे न्यूट्रल तुटला, तर संपूर्ण सांगाडा जिवंत होतो.

मोजपट्टी

वरील उत्तराला केबलची बाजू जोडतो. सॉकेटवरून पुरवठा घेऊ नका. मुख्य बोर्डातून स्वतंत्र एमसीबी घ्या आणि फेज व न्यूट्रल दोन्ही तोडणारा आयसोलेटर शेडमध्ये दाराजवळ बसवा.

40 मीटर अंतर म्हणजे जाऊन-येऊन 80 मीटर तांबे. 2.5 चौरस मिलिमीटरच्या केबलचा रोध सुमारे 0.56 ओहम होतो, म्हणजे 16 अँपिअरला 9 व्होल्ट वाटेतच जातात. ते एक वेळ चालेल, पण करवत सुरू होताना मोटर क्षणभर नेहमीच्या पाच-सहापट प्रवाह ओढते, तेव्हा 20 व्होल्टच्या वर घट होऊन दिवे मिचकतील आणि मोटर अडखळेल. मी 6 चौरस मिलिमीटरची आर्मर्ड केबल घेईन. पुढे लोड वाढला, तरी पुन्हा खणावे लागणार नाही.

परसबाग

दोघांचेही मनापासून आभार. चर खणणे आणि केबल टाकणे मी स्वतः करू शकतो का?

फेज-न्यूट्रल

खणणे आणि अंथरणे जरूर करा, जोडणी मात्र परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच करून घ्या. चर किमान 60 सेंटिमीटर खोल ठेवा. वाटेत पुढेमागे कुदळीने खणली जाणारी जागा असेल, तर आणखी खोल न्या. तळाला वाळूचा थर, त्यावर केबल, पुन्हा वाळू आणि त्यावर विटा किंवा फरश्या घाला. माती अर्धी भरल्यावर धोक्याची पट्टी अंथरा, म्हणजे पुढे खणणाऱ्याला केबलच्या आधी ती दिसेल. मार्गाची मापे कुंपणापासून घेऊन कागदावर उतरवा आणि तो कागद मुख्य बोर्डाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. वीजतंत्र्याने केबल पाहून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) तिचे इन्सुलेशन तपासेपर्यंत चर बुजवू नका. वाचन 1 मेगाओहमपेक्षा कमी असेल, तर ती केबल वापरायची नाही. नव्या केबलचे वाचन याच्या कितीतरी पट यायला हवे.

जोडणीनंतर रॉडचा रोध आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडतो, हे दोन्ही उपकरणाने मोजून लिहून मागा. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण दर काही महिन्यांनी दाबत राहा, पण ते दाबून फक्त आरसीसीबीची यंत्रणा तपासली जाते. अर्थिंगची तार सैल झालेली असली, तरी तो बटणाने पडेलच, म्हणून रॉडची जोडणी दरवर्षी पावसाळ्यापूर्वी वेगळी पाहावी लागते.