‘वाड्यातली मंडळी’ ग्रुप: श्रावणात सवाना

आत्या: वैभव, जेवलास का?

वैभव: आत्ताच ताटावरून उठलो. इथे अमेरिकेत, सवाना शहरात, दुपारचे दोन वाजलेत.

आत्या: एकटाच?

वैभव: काल रात्री एकटा होतो. ऑफिसची माणसं पाचला घरी पळाली. हॉटेलशेजारी एका ठिकाणी गेलो, तर दारातल्या मुलीने दोनदा विचारलं, “एकटेच?” आणि बाथरूमला लागून टेबल दिलं. समोरची खुर्चीसुद्धा उचलून नेली! मोबाइल बघत गिळलं, काय ते आठवत नाही.

सुमाकाकू: अरेरे 😔

वैभव: आज मात्र नऊ जणांबरोबर जेवलो. ओळखीचा एकही नाही.

नानाकाका: म्हणजे?

वैभव: जोन्स स्ट्रीटवर मिसेस विल्क्स म्हणून आहे. पत्ता विचारावा लागत नाही, रांगच दिसते. पोर्टचं काम सकाळीच उरकलं होतं, म्हणून उभा राहिलो तासभर. शर्ट पाठीला चिकटला. आत दहा-दहा जणांची टेबलं, एकटा माणूस जागा असेल तिथे बसवतात. वाडगे आधीच मांडलेले. भेंडी-टोमॅटो, चवळी, भात, रताळी साखरेत घोळवलेली, मक्याचा ब्रेड, तळलेलं चिकन. आपण वाढून घ्यायचं आणि वाडगा शेजाऱ्याकडे सरकवायचा. चहा थंडगार, आणि गोड म्हणजे आपल्या सरबताहून गोड.

नानाकाका: ही तर खानावळ!

वैभव: खानावळच. 1943 मध्ये सेमा विल्क्स बाईंनी हे बोर्डिंग हाऊस चालवायला घेतलं. राहणारे गेले, पंगत राहिली. बाई 2002 मध्ये गेल्या, आता घरचेच बघतात. जेवण झालं की ताट आपणच आत नेऊन द्यायचं.

नानाकाका: पेठेतल्या आमच्या खानावळीत दोन वर्षं काढली मी. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. वाढप्याला तिसरी पोळी मागितली की तो छताकडे बघायचा.

वैभव: इथे उलट. शेजारी अलाबामाच्या एक आजी होत्या, मला सारखं “हनी” म्हणत होत्या. चिकन पुढे सरकवलं तर म्हणाल्या, बरं नाही का तुला? म्हटलं, आमचा एक महिना असतो, मांस खात नाही. त्या म्हणाल्या, आमच्या लेंटसारखं! (लेंट म्हणजे ख्रिश्चनांचा ईस्टरआधीचा उपवासाचा काळ.) आणि सगळी पालेभाजी माझ्या ताटात. संपली की परत.

सुमाकाकू: किती गोड! आग्रह करणारं माणूस कुठेही भेटतं बघ.

ऋतुजा (शार्लट): दादा, ओबामापण 2010 मध्ये तिथे जेवून गेलेत. आणि ती चवळी, भेंडी मूळची आफ्रिकेची, गुलाम म्हणून आणलेल्या लोकांबरोबर इकडे आली. पण पालेभाजी कुठली होती? कोलार्ड?

वैभव: हो, तीच. मस्त होती. जरा धुरकट वास होता, आपल्या चुलीवरच्यासारखा.

ऋतुजा (शार्लट): 🙈 तो वास चुलीचा नाही रे. इकडे पालेभाजी बहुतेक डुकराचं धुरावलेलं हाड टाकून शिजवतात. विचारलंस का?

वैभव: …

वैभव: त्या आजींनी तर “व्हेजिटेबल” म्हणून वाढली!

ऋतुजा (शार्लट): इकडे मॅकरोनी-चीजसुद्धा भाज्यांच्या यादीत असते. यापुढे आधी “पोर्क आहे का” असं स्पष्ट विचार.

वैभव: तीनदा घेतली गं 😐

सुमाकाकू: अगंबाई! बरं, आईंना कळू देऊ नका कोणी.

आत्या: वहिनी, आई ग्रुपवर आहे.

सुमाकाकू: *हा मेसेज डिलीट केला आहे*

आजी: वाचलं मी

आजी: आज गुरुवार. सोमवार असता तर बोलले असते

वैभव: सॉरी आजी 🙏

आजी: चवळीला फोडणी कशाची होती