स्वस्तातले ऑसिलोस्कोप प्रोब: घरच्या लॅबसाठी कोणते घ्यायचे आणि घेतल्यावर तपासायचे कसे?

सोल्डर_सातारकर

नमस्कार मंडळी, घरी वरच्या खोलीत छोटी लॅब उभी करतोय, सोल्डरिंग स्टेशन आणि पॉवर सप्लाय आधीपासून होतंच, आता एक सेकंडहँड दोन चॅनलचा १०० मेगाहर्ट्झचा डिजिटल ऑसिलोस्कोप (सिग्नलचा व्होल्टेज वेळेनुसार पडद्यावर काढून दाखवणारा स्कोप) मिळालाय. स्कोप मस्त आहे पण सोबतच्या दोन प्रोबपैकी (सर्किटला टेकवायच्या वायरी) एकाचा हुक तुटलाय आणि दुसऱ्याची वायर बीएनसीपाशी (स्कोपला जोडायचा गोल कनेक्टर) जरा हलवली की ट्रेस गायब होतो. कंपनीचे ओरिजिनल प्रोब बघितले तर माझ्या बजेटच्या बाहेर जातायत. ऑनलाइन पी६१०० नावाचे प्रोब सगळीकडे दिसतात, हजाराच्या आत जोडी, वर १०० मेगाहर्ट्झ छापलेलं, सोबत रंगीत रिंगा, छोटा स्क्रूड्रायव्हर वगैरे सगळं.

माझं काम म्हणजे ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरचे बोर्ड, एसपीआय आणि आय-टू-सी (चिपमधल्या डेटाच्या लाइनी) चे सिग्नल बघणं, एक क्लास डी ॲम्प्लिफायर चाललाय, आणि गावातले लोक चार्जर, एलईडी ड्रायव्हर घेऊन येतात ती एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय) दुरुस्ती. तर हे स्वस्तातले प्रोब चालतील का, आणि घेतले तर ते खरंच १०० मेगाहर्ट्झचे आहेत हे घरच्या घरी कसं कळणार? माझ्याकडे सिग्नल जनरेटर नाहीये, मल्टिमीटर चांगला आहे.

जुना_सीआरओ

मित्रा, चालतील. मी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काढलीत, सीआरओपेक्षा (जुने पिक्चर ट्यूबवाले स्कोप) प्रोबच जास्त दुरुस्त केले असतील, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

आधी आत काय असतं ते समजून घे म्हणजे तपासणी आपोआप सुचते. प्रोबवर १एक्स-१०एक्स असा स्विच असतो, १एक्स वर सिग्नल तसाच जातो, १०एक्स वर दहापट कमी होऊन. १०एक्स वर टोकाशी ९ मेगओहमचा रेझिस्टर असतो, स्कोपचा इनपुट १ मेगओहम, दोन्ही मिळून १० ला १ चा डिव्हायडर झाला. पण स्कोपच्या इनपुटला रेझिस्टन्ससोबत कपॅसिटन्सही असतो, नव्या डिजिटल स्कोपला साधारण १५ ते २० पिकोफॅरड, जुन्या सीआरओला २५-३०, त्यात केबलचा कपॅसिटन्स मिळतो, म्हणून ९ मेगओहमच्या डोक्यावर एक छोटा कपॅसिटर समांतर लावलेला असतो आणि कुठेतरी एक ट्रिमर (फिरवून कमी-जास्त करायचा कपॅसिटर) असतो, टोकाच्या हँडलमध्ये नाहीतर बीएनसीच्या डबीत. तो ट्रिमर फिरवून दोन्हीकडचा टाइम कॉन्स्टंट जुळवला की सगळ्या फ्रिक्वेन्सीला सिग्नल सारखाच दहापट कमी होतो. यालाच आपण कॉम्पेन्सेशन म्हणतो.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. प्रोबची केबल साधी कोॲक्स नसते. तिची आतली तार मुद्दाम रेझिस्टन्स असलेली, केसासारखी बारीक घेतात, म्हणजे सिग्नल केबलमध्ये मागेपुढे आपटत राहत नाही आणि केबलचा कपॅसिटन्सही कमी राहतो. म्हणून प्रोब हातात आला की पहिलं काम, तो स्कोपला न लावता स्विच १एक्स वर ठेव आणि टोक ते बीएनसीची मधली पिन असा मल्टिमीटर लाव. दोन-तीनशे ओहमच्या आसपास दाखवायला पाहिजे, प्रोबप्रमाणे कमी-जास्त होईल. जवळजवळ शून्य दाखवला तर आत साधी कोॲक्स भरलीय, मग वर काहीही छापलेलं असो त्या १०० मेगाहर्ट्झवर विश्वास ठेवू नकोस. मग स्विच १०एक्स वर, आता ९ मेगओहमच्या जवळ. मगरचिमटा ते बीएनसीची बाहेरची बॉडी एक ओहमच्या आत. हे तिन्ही मोजताना केबल दोन्ही टोकांपाशी वाकवून बघ, स्विच बोटाने हळूच हलवून बघ. आकडा उडाला की प्रोब परत. स्वस्त प्रोबमध्ये नव्वद टक्के भानगड या स्विचमध्ये आणि बीएनसीपाशी केबल जिथे वळते तिथेच असते.

आणि ऑर्डर करायच्या आधी तुझ्या स्कोपच्या बीएनसीशेजारी छापलेले पिकोफॅरड वाच, प्रोबच्या माहितीत कॉम्पेन्सेशन रेंज दिलेली असते, १० ते ३५ अशी काहीतरी, तुझा आकडा त्यात बसला पाहिजे. नाही बसला तर ट्रिमर कितीही फिरव, चौकोनी वेव्ह चौकोनी दिसणारच नाही.

ठाणे_एम्बेडेड

वरच्या सगळ्याला +१. फक्त एक वेगळं मत मांडतो, शक्य असेल तर स्विच नसलेला, फिक्स १०एक्स प्रोब घ्या. १एक्स वर या प्रोबची बँडविड्थ (किती फ्रिक्वेन्सीपर्यंत सिग्नल नीट दिसतो) जेमतेम ६ मेगाहर्ट्झच्या घरात येते आणि सर्किटवर ५०-१०० पिकोफॅरडचं ओझं पडतं, १०एक्स वर तेच ओझं १५ च्या आसपास. म्हणजे एसपीआय बघायला १एक्स चा काहीच उपयोग नाही, एज गोल दिसतील आणि तुम्ही बोर्डात दोष शोधत बसाल. वर चुकून स्विच सरकला की स्कोप १०एक्स समजतोय आणि प्रोब १एक्स वर, रीडिंग दहापट चुकीचं.

बजेट थोडं वाढवता आलं तर रिगॉलचे आरपी२२०० किंवा सिग्लेंटचे पीपी५१० सुटे मिळतात, ते त्यांच्याच स्वस्त स्कोपबरोबर येतात. टेस्टेक आणि पीएमके या जर्मन कंपन्यांचे प्रोब त्याहून वरचे पण घरच्या कामाला तेवढी गरज नाही.

बँडविड्थचं गणित पण लक्षात असू द्या. राइज टाइम (एज खालून वर जायला लागणारा वेळ) म्हणजे ०.३५ भागिले बँडविड्थ, १०० मेगाहर्ट्झला ३.५ नॅनोसेकंद. स्कोप १०० चा आणि प्रोबही १०० चा असला तर दोघांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, ५ नॅनोसेकंदाच्या जवळ येतं, म्हणजे दोघं मिळून ७० मेगाहर्ट्झच. म्हणून किमतीत फार फरक नसेल तर २०० मेगाहर्ट्झचा प्रोब घ्यावा असं मी सांगेन.

रिपेअरवाली_पुणे

सातारकर दादा, तुम्ही एसएमपीएस लिहिलंय म्हणून खास लॉगिन करून लिहितेय, प्रोब कुठलाही घ्या पण हे नीट वाचा.

स्कोपच्या प्रोबचा मगरचिमटा थेट स्कोपच्या बॉडीला आणि तिथून प्लगच्या अर्थिंगला जोडलेला असतो. चार्जरच्या प्रायमरी, म्हणजे मेन्सकडच्या, बाजूला जी निगेटिव्ह लाइन असते, मोठ्या कपॅसिटरची, ती अर्थ नाही, ब्रिज रेक्टिफायरमधून ती सरळ मेन्सला बांधलेली असते. तिथे चिमटा लावला की मेन्स आणि अर्थचा सरळ शॉर्ट. प्रोब जळेल, स्कोप जाईल, तुमच्या बोटांनाही धोका. आणि २३० व्होल्ट म्हणजे पीकला ३२५, त्या कपॅसिटरवर तेवढा डीसी उभा असतो हे विसरू नका. काही लोक स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढून टाकतात, कृपया कोणी हे करू नका, मग स्कोपची अख्खी बॉडी, बीएनसी, सगळं लाइव्ह होतं.

प्रायमरीसाठी डिफरन्शियल प्रोब (अर्थ न लावता दोन बिंदूंमधला फरक मोजणारा) हाच नीट मार्ग आहे. त्याला पैसे लागतात, पण मी म्हणेन साधे प्रोब स्वस्तातले घ्या आणि वाचलेले पैसे तिकडे साठवा. तोवर जो चार्जर दुरुस्त करताय त्याला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर (मेन्सशी थेट जोड तोडणारा ट्रान्सफॉर्मर) चालवा, स्कोपला नाही. तरीही ३२५ व्होल्ट तिथेच असतात, शॉक लागतोच, एका हाताने काम करायचं.

अजून एक, प्रोबवर ६०० व्होल्ट लिहिलेलं असतं ते १०एक्स चं असतं आणि डीसी किंवा कमी फ्रिक्वेन्सीचं असतं. फ्रिक्वेन्सी वाढते तशी ती मर्यादा खाली येते, चांगल्या प्रोबबरोबर तो उतरता ग्राफ येतो, स्वस्तातल्याबरोबर बहुतेक वेळा येत नाही. मॉसफेटच्या ड्रेनवर स्पाइक बघायचे तर १००एक्स चा पी४१०० प्रकार मिळतो, पण त्याचाही चिमटा अर्थलाच, हे पुन्हा सांगते.

आणि ठाणेकर, १एक्स अगदी बिनकामाचा नाही हो! सप्लायच्या आउटपुटचा रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) २०-३० मिलिव्होल्ट असतो, १०एक्स वर तो स्कोपच्या नॉइजमध्ये बुडून जातो. १एक्स, एसी कपलिंग, २० मेगाहर्ट्झची बँडविड्थ लिमिट चालू, आणि चिमट्याची लांब वायर न वापरता थेट आउटपुट कपॅसिटरच्या पायांवर, असं मी रोज मोजते.

ठाणे_एम्बेडेड

ताई, रिपलचं बरोबर आहे, मान्य. मग दोन्ही प्रोब स्विचवालेच घ्या पण डिजिटल कामात स्विचवर कॅप्टॉन टेपचा (उष्णता सहन करणारा चिकट टेप) तुकडा लावून १०एक्स वर पक्का करा.

सोल्डर_सातारकर

सगळ्यांचे खूप आभार, ताई तुमचे तर विशेष, अर्थिंगचं मला अर्धवट माहीत होतं, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची चौकशी लगेच चालू केलीय.

पुण्याला काम होतं तेव्हा पासोड्या विठोबाच्या बाजूला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत, चक्कर मारली, मल्टिमीटर खिशात घेऊनच गेलो होतो. दुकानदार जरा बघत राहिला पण उघडून मोजू दिलं. पहिल्या जोडीतल्या एकाचा केबल वाकवली की १एक्स चा आकडा ओपन व्हायचा, तो बदलून घेतला. आता घरी दोन आहेत, एक २२८ ओहम आणि दुसरा २३५, १०एक्स वर दोन्ही ९ मेगओहमच्या जवळ. स्कोपवरच्या १ किलोहर्ट्झ चौकोनी वेव्हच्या टेस्ट पॉइंटवर आधी कोपरे गोल येत होते, ट्रिमर फिरवल्यावर एकदम काटकोनी झाले.

पण आता नवीन अडचण. ईएसपी३२ च्या एसपीआय क्लॉकवर प्रत्येक एजला ३.३ च्या वर ४.५ पर्यंत टोक जातंय आणि मग लहरी लहरी होऊन शांत होतंय. प्रोब खराब आहे का बोर्ड?

जुना_सीआरओ

आधी सांग, चिमट्याची काळी वायर वापरली होतीस ना?

सोल्डर_सातारकर

हो काका, ग्राउंड हेडरच्या पिनला चिमटा आणि हुक क्लॉकच्या पिनवर.

ठाणे_एम्बेडेड

मग बहुतेक प्रोबही चांगला आणि बोर्डही चांगला. ती वायर साधारण १५ सेंटिमीटर असते, अंदाजे मिलिमीटरला १ नॅनोहेन्री धरा, म्हणजे १५० नॅनोहेन्री झाले. प्रोबच्या टोकाचा कपॅसिटन्स १२ पिकोफॅरड धरला तर दोघांचा रेझोनन्स ११५-१२० मेगाहर्ट्झला येतो. फास्ट एज आली की हे एलसी सर्किट घंटेसारखं वाजतं आणि तुम्हाला वाटतं सिग्नलमध्येच लहरी आहेत. लहरींमधलं अंतर कर्सरने मोजा, साडेआठ नॅनोसेकंदाच्या आसपास आलं तर हेच कारण.

उपाय फुकट आहे. हुक ओढून काढा, आत सुईसारखं टोक दिसेल, त्याच्यामागे धातूची उघडी रिंग असते तीच ग्राउंड. पिशवीत छोटी स्प्रिंग आली असेल तर ती त्या रिंगवर चढवा, नसेल तर रेझिस्टरची कापलेली तार किंवा टिन केलेली तांब्याची तार दोन-तीन वेढे गुंडाळून एक टोक बाहेर काढा, ते जवळच्या ग्राउंड व्हायावर (बोर्डातलं धातूचं भोक) टेकवा आणि सुई क्लॉकवर. पण तार मोकळी हिंडू देऊ नका, शेजारच्या ३.३ व्होल्टला टेकली तर सप्लाय शॉर्ट.

आणि तुमचा मूळ प्रश्न, खरंच १०० मेगाहर्ट्झ का, त्यासाठी जनरेटर लागत नाही. ७४एसी१४ (सहा इन्व्हर्टर गेटचा आयसी) घ्या, एचसी नको, एचसीची एज हळू असते. एका गेटचा रेझिस्टर-कपॅसिटर लावून ऑसिलेटर करा, एखाद्या मेगाहर्ट्झचा चालेल, बाकीचे गेट त्याच्यामागे बफर म्हणून, डिकपलिंगचा कपॅसिटर आयसीच्या पायांना अगदी चिकटून. आधी ती एज कोॲक्सने थेट स्कोपवर बघा, गेटच्या आउटपुटला ४७ ओहम सिरीजमध्ये आणि स्कोपच्या बाजूला टी लावून ५० ओहमचा टर्मिनेटर. १०० मेगाहर्ट्झचा स्कोप ३.५ नॅनोसेकंदाच्या आसपास दाखवेल. मग तेच प्रोबने, स्प्रिंग लावून. ५ च्या आसपास आला तर प्रोब छापल्याबरहुकूम आहे. समजा ८ आला, तर ८ चा वर्ग वजा ३.५ चा वर्ग, वर्गमूळ ७.२, म्हणजे प्रोब जेमतेम ५० मेगाहर्ट्झचा.

सोल्डर_सातारकर

तार गुंडाळून बघितली!! टोक जवळपास गेलंच, ३.६ च्या आत आलं. काळ्या वायरने लहरींमधलं अंतर ८ च्या वर होतं म्हणजे हिशोब बसला. ७४एसी१४ चं सर्किट झीरो पीसीबीवर केलं, थेट ३.६ आणि दोन्ही प्रोब ५ च्या थोडं खाली. म्हणजे खरंच १०० चे निघाले ना? एक शेवटचं, क्रिस्टलच्या पायावर लावला तर सर्किट कधी चालू होतं कधी बंद पडतं, ते का?

जुना_सीआरओ

निघाले, बिनधास्त वापर. क्रिस्टलच्या पायावर मुळात लोड कपॅसिटरच १०-२२ पिकोफॅरडचे असतात, त्यात तू प्रोबचे १५ टाकलेस तर ऑसिलेटर बिचकणारच. तिथे लावू नये, कंट्रोलरची क्लॉक आउटपुट पिन असेल तर तिथे बघ. नसेल तर एक टायमर चालू करून त्याच्या आउटपुटवरून फ्रिक्वेन्सी काढ.

पुढे कधी याहून फास्ट एज बघायची झाली तर घरीच प्रोब कर. पातळ कोॲक्स, आरजी१७४, टोकाला ९५० ओहमच्या जवळचा रेझिस्टर, स्कोपच्या बाजूला ५० ओहम टर्मिनेटर, झाला २० ला १ चा प्रोब. १ किलोओहम लावलास तर २१ ला १. कपॅसिटन्स जवळजवळ नाहीच, पण सर्किटवर हजारेक ओहमचं ओझं पडतं, त्यामुळे क्लॉक, लॉजिक आउटपुट अशा दमदार ठिकाणीच लाव.

रिपेअरवाली_पुणे

आणि दादा, पिशवीतल्या रंगीत रिंगा चढवून टाका, दोन्ही टोकांना एकच रंग, आणि प्रोब त्याच चॅनलला ठेवा. दोन चॅनलच्या इनपुट कपॅसिटन्समध्ये थोडा फरक असतो, चॅनल बदललात तर १ किलोहर्ट्झवर लावून ट्रिमर परत बघा, प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनेच, लोखंडी टेकवला की कपॅसिटन्स बदलतो आणि काढल्यावर वेव्ह परत हलते.

सोल्डर_सातारकर

पिवळी रिंग चॅनल १ ला, निळी २ ला चढवली. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आला की चार्जरच्या रिपलचे फोटो इथेच टाकतो.