फिरत्या शिफ्टमध्ये भक्तीची वेळ कशी बसवायची? (नागपूर)

शिफ्टवाला_बुटीबोरी

जय ख्रिस्त मंडळी. बुटीबोरी एमआयडीसीत फिरती शिफ्ट आहे. एक आठवडा ७ ते ३, मग ३ ते ११, मग ११ ते ७. घर सदरला, जाणं-येणं कंपनीच्या बसने. बायको शाळेत शिकवते, मुलं ११ आणि ६ वर्षांची. दर १ जानेवारीला बायबल पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू होतं अन् फेब्रुवारीत बंद पडतं. घरातली प्रार्थना कोणी आजारी पडलं तरच होते. महिन्यातून दोन रविवार तरी उपासना चुकते. "प्रभूला पहिलं स्थान द्या" हे ऐकून पाठ झालंय. ते आठवड्यात बसवायचं कसं, मिनिटांच्या हिशोबात, तेवढं सांगा जी.

जुना_सभासद

जय ख्रिस्त भाऊ. आधी वाचनाचं बघू. फेब्रुवारीत बंद पडतं त्यात आळस कमी आणि गणित जास्त आहे. उत्पत्तीचे ५० अध्याय, दुसऱ्या पुस्तकाचे, निर्गमचे, ४०. रोज ३ वाचले की ३० जानेवारीला निर्गम संपतं आणि ३१ ला तिसरं पुस्तक लेवीय उघडतं. होमार्पण, चरबी, गुरदे, अंगावरचे चट्टे. ते पार केलं की गणना या चौथ्या पुस्तकातली शिरगणती. मागचापुढचा संदर्भ माहीत नसेल तर बहुतेकांची गाडी इथेच पंक्चर होते. शिवाय ६६ पुस्तकांचे मिळून १,१८९ अध्याय, म्हणजे वर्षात संपवायचे तर रोज सव्वातीन. तीन दिवस चुकले की चौथ्या दिवशी तेरा अध्याय अंगावर येतात आणि माणूस तक्ता फडताळात टाकतो.

त्यापेक्षा नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासूनचा भाग, घ्या. २६० अध्याय आहेत. आठवड्याला ५ धरले तर बरोबर ५२ आठवडे, वर दोन दिवस मोकळे. शिफ्ट बदलते तो दिवस त्या मोकळ्या दोनांतला धरा, त्या दिवशी कोणाचंच वाचन होत नाही. सुरुवात मार्कपासून करा. १६ अध्याय, चारही शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत) सगळ्यात लहान, आणि घटना भराभर पुढे सरकतात. तारखा छापलेला तक्ता मात्र नको, नुसते अध्यायांचे आकडे असलेला हवा. आजची तारीख मागे पडलेली दिसली की मन खट्टू होतं. खूणपट्टीला तो त्रास नाही, जिथे ठेवली तिथून पुढे.

वेळ घड्याळाला बांधू नका. तुमची सकाळ दर आठवड्याला वेगळ्या वाजता होते, त्यामुळे "रोज पहाटे पाच" हे तीन आठवड्यांपैकी एकातच टिकेल. कामाला बांधा. डबा तिन्ही शिफ्टला भरला जातोच, तर डबा बॅगेत गेला की एक अध्याय, उभ्या उभ्या नाही, बसून. चार-पाच मिनिटं लागतात. त्यासाठी बायबल डब्याच्या मांडणीशेजारी हवं. शोकेसमध्ये काचेआड, क्रोशाच्या रुमालावर ठेवलेलं बायबल नाताळालाच बाहेर येतं. आणि रात्रपाळीवरून परतल्यावर वाचू असं ठरवू नका, दुसऱ्या ओळीला डोळे मिटतात. निघण्याआधीच उरकायचं.

बसमध्ये ऑडिओ बायबल ऐका, पण घरी वाचला तोच अध्याय पुन्हा. नवा अध्याय वर्धा रोडच्या हॉर्नमध्ये अर्धा वाहून जातो.

प्रार्थनेला दोनशे पानी वही पुरते. डाव्या पानावर तारीख, नाव आणि विनंती. उजवं पान कोरं, पुढे काय झालं ते लिहायला. एका दिवसाला पाच नावं, जास्त नाही. "सर्व आजाऱ्यांसाठी" असं लिहिलं की तिसऱ्या दिवशी त्या ओळीवरून नजर घसरते. "शेजारच्या काकू, गुडघ्याचं ऑपरेशन, गुरुवार" असं लिहिलं की गुरुवारी संध्याकाळी आपण होऊन विचारपूस होते.

लिहिलेली प्रार्थना म्हणावी की मनाने करावी, हा वाद आपल्याकडे जुनाच. सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झालं ते नागपुरातच, २९ नोव्हेंबर १९७० ला, सहा मंडळ्या एकत्र येऊन. अँग्लिकन वळणाच्या घरात प्रार्थना-पुस्तक होतं, स्कॉटिश मिशनच्या वळणाच्या घरात मनाची प्रार्थना. दोन्ही सवयी एकाच बाकावर बसल्या. रात्रपाळीच्या आठवड्यात लिहिलेली घ्या, थकलेल्या डोक्याला शब्द शोधावे लागत नाहीत.

संडेस्कूल_ताई

वाचनाचं वर आलंय, मी घरातल्या प्रार्थनेचं लिहिते. तीनपैकी दोन आठवडे तुम्ही रात्री साडेआठला घरी असता, रात्रपाळीलासुद्धा, बस त्यानंतरच निघते. म्हणून साडेआठ पक्के करा. ३ ते ११ च्या आठवड्यात वहिनींनी चालवावी. बाबा नाहीत म्हणून सुट्टी दिली की पुढच्या आठवड्यात मुलं नव्याने कुरकुर करतात, आणि सवय मोडते ती इथेच. त्या आठवड्यात तुमची आणि मुलांची गाठ फक्त सकाळी पडते, तेव्हा बूट घालताना डोक्यावर हात ठेवून एक वाक्य म्हणा. तेवढं बस होतं.

एकूण बारा मिनिटं. गाण्याचं एक कडवं (ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भजनांपैकी घ्या, चाल ओळखीची असते), शास्त्रपाठ ८ ते १० ओव्यांचा (बायबलच्या वचनांचा), एक प्रश्न, प्रत्येकाची एक-एक ओळ प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. वाचायला मोठ्याला द्या. धाकट्याला लांबचं झेपत नाही, त्याच्यासाठी स्तोत्र ११७ आहे, दोनच ओव्या, महिनाभरात पाठ होतं. प्रश्न "यातून काय शिकलो?" असा नको, मुलं "चांगलं वागावं" म्हणून मोकळी होतात. "छप्पर उसकटून येशूपुढे खाली सोडलेल्या आजारी माणसाला आधी काय वाटलं असेल?" असं विचारा आणि गप्प बसा.

बिघडतं ते दोन ठिकाणी. एक, वडील प्रवचन करतात. दुसरं जास्त वाईट, प्रार्थनेतून रागावणं. "देवा, या पोराला अभ्यासाची अक्कल दे" हे देवाला सांगितलेलं नसतं, पोराला ऐकवलेलं असतं, आणि पोराला ते बरोबर कळतं. गणिताचे मार्क प्रार्थनेच्या बाहेर ठेवा.

मे महिन्यात कूलर बंद करवत नाही, पण त्याच्या घरघरीत सहा वर्षांच्या मुलाचा आवाज ऐकूच येत नाही. बारा मिनिटांसाठी पंखा चालू, कूलर बंद. आधी खोली गार करून घ्या.

रविवार शनिवारी रात्री ठरतो. कपडे इस्त्री, अर्पणाचं पाकीट बायबलमध्ये, गाडीत पेट्रोल. आणि मटण! रविवारी सकाळी मटणाच्या दुकानावरची रांग आणि उपासनेची वेळ एकच असते, निम्मी उशिरा येणारी घरं तिथूनच येतात. शनिवारी सांगून ठेवा, उपासनेहून येताना उचला. रविवारी जेवण दीडला झालं तर काही बिघडत नाही.

जपमाळ_सेमिनरीहिल्स

आमच्याकडचं थोडं. कॅथलिक असाल तर शनिवार संध्याकाळचा मिस्सा (मुख्य उपासना) रविवारचा धरला जातो, शिफ्टवाल्यांना याचा मोठा आधार. वेळ आपल्या चर्चच्या फलकावर बघावी. कम्युनिअनआधी (मिस्सातला पवित्र प्रसाद घेण्याआधी) एक तास उपास, पाणी आणि औषध चालतं, त्यामुळे ड्युटीवरून थेट येतानाही जमतं.

पूर्ण जपमाळ, पाच दशकं (एक दशक म्हणजे दहा मणी), साधारण वीस मिनिटं घेते. लहान मुलांबरोबर एकच दशक करा, चार मिनिटं. बाकीची चार बसमध्ये, बोटांवर मोजून. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं (जपताना मनन करायचे प्रसंग), मंगळवारी-शुक्रवारी दुःखाची, गुरुवारी प्रकाशाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. फिरत्या शिफ्टमध्ये वार विसरायला होतो, त्यासाठी सुद्धा बरं.

भट्टीजवळ काम असेल तर उपवासकाळात (ईस्टरआधीच्या आठवड्यांत) कोरडा उपास करू नका. शेवटचे आठवडे नागपूरच्या उन्हात येतात. शुक्रवारी एक जेवण साधं ठेवा आणि वाचलेले पैसे दानपेटीत टाका.

शिफ्टवाला_बुटीबोरी

साडेआठचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद ताई. दोन गोष्टी राहिल्या. रात्रपाळी रविवारी सकाळी ७ ला सुटली तर? आणि खंडेनवमीला मशीनची पूजा होते, प्रसादाचं काय करायचं?

जुना_सभासद

सात वाजता सुटून सदरला पोहोचेपर्यंत सव्वाआठ होतील. घरी आडवे होऊ नका, "अर्धा तास" म्हणून झोपलेला माणूस दुपारी एकला उठतो. अंघोळ, हलका नाश्ता, उपासना, मग झोप. जाताना गाडी वहिनींना चालवू द्या, नाहीतर ऑटो करा. रात्रभर जागलेल्याने हँडल धरू नये. दर रविवारी हे झेपणार नाही. बऱ्याच मंडळ्यांत पहिल्या रविवारी प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) असतं, निदान त्या रविवारची शिफ्ट अदलाबदलीने सोडवून घ्या. मोबदल्यात दिवाळीची ड्युटी तुम्ही घ्या, आणि हे सप्टेंबरातच बोलून ठेवा. दिवाळीत तुमच्याइतका कामाचा माणूस शिफ्टमध्ये दुसरा नसतो.

दशांश, म्हणजे देवाला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग, पगार जमा झाला त्याच दिवशी बाजूला काढा. २८,००० असतील तर २,८००. महिनाअखेरीस उरेल ते देऊ म्हटलं की पन्नासची नोट उरते.

खंडेनवमीचं उत्तर एका ओळीत नाही. प्रेषित पौलाने बायबलमधल्या १ करिंथ पत्राच्या १० व्या अध्यायात दोन्ही बाजू मांडल्यात: कोणी जेवायला बोलावलं तर समोर आलेलं चौकशी न करता खा, पण "हे अर्पण केलेलं आहे" असं कोणी सांगितलं तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. प्रसाद म्हणूनच हातावर ठेवतात, तेव्हा दुसरी बाजू लागू होते. काही विश्वासणारे वेगळा अर्थ लावतात, आपल्या पाळकसाहेबांशी बोलून घ्या. पण ऐनवेळी ताटासमोर "नको" म्हणू नका, तिथे ते अपमानासारखं दिसतं. दोन दिवस आधी सुपरवायझरला बाजूला घेऊन सांगा. आदल्या दिवशी मशीन पुसायला, ग्रीस काढायला सगळ्यांच्या आधी हजर राहा. नंतर चहा-समोसा असतो, तो सगळ्यांबरोबर बसून घ्या.

संडेस्कूल_ताई

अन् त्या दिवशी डब्यात शेवया जास्तीच्या न्या भाऊ, पूर्ण लाइनला पुरतील एवढ्या. आठ-दहा माणसांना अर्धा किलो शेवया आणि तीन लिटर दूध लागेल. दूध वेगळ्या किटलीत न्या, घरूनच मिसळून नेलं तर बुटीबोरीपर्यंत गोळा होतो.