विषय: कालव्याकाठची सायकल सहल, पॉइंट ऑफ रॉक्स ते हार्पर्स फेरी

सहल समिती:

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी मेरीलँडमध्ये पोटोमॅक नदीलगतच्या सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) या जुन्या कालव्याकाठी सायकली काढायचं ठरलंय. सकाळी साडेआठला पॉइंट ऑफ रॉक्सला जमू. तिथून नदीपलीकडच्या हार्पर्स फेरी गावाच्या समोरपर्यंत साडेबारा मैल, येताना तेवढेच. चढ जवळजवळ नाहीच. सायकलला घंटी हवी. हेल्मेट सगळ्यांनी घाला. 16 वर्षांखालच्या मुलांना तर मेरीलँडमध्ये कायद्यानेच सक्ती आहे. कोण कोण येतंय ते कळवा.

आठ वर्षांच्या मुलीची आई:

समितीला कोपरापासून नमस्कार. मागच्या वेळी पुढची मंडळी भुर्रकन गेली आणि आम्ही मागे पंक्चर काढत बसलो, हे कुणाला आठवतंय का? पंचवीस मैल लेकीला झेपायचे नाहीत. आणि ‘चढ नाही’ हे तुम्ही दरवेळी म्हणता. डोंगरातून जाणारी वाट सपाट कशी असेल?

पंक्चरवाले काका:

ताई, या वेळी समिती खरं बोलतेय. ही वाट माणसांसाठी नव्हतीच, नावा ओढणाऱ्या खेचरांसाठी होती. पाण्याला उतार चालत नाही, म्हणून कालवा सपाट आणि त्याच्या काठची वाटही सपाट. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपासून कंबरलंडपर्यंत 184.5 मैलांत 605 फूट चढायचे, ते सगळे 74 लॉकमध्ये, म्हणजे पाणी भरून नाव वर उचलणाऱ्या दारांच्या हौदांमध्ये, वाटलेत. म्हणजे दर लॉकला आठेक फुटांचा छोटासा उंचवटा, की पुन्हा सपाट. निघाल्यावर पाऊण मैलात 28 नंबरचं लॉक लागतं, तिथे लेकीला हे दाखवा.

पॉइंट ऑफ रॉक्सलाही जरा थांबा. डोंगर आणि पोटोमॅक यांच्यात तिथे चिंचोळी पट्टी आहे. कालवा आणि बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वे, दोघांचीही कामं 4 जुलै 1828 ला सुरू झाली आणि दोघांनाही हीच पट्टी हवी होती. खटला 1832 मध्ये कालव्याने जिंकला. पण कंबरलंडला रेल्वे पोचली 1842 साली आणि कालवा 1850 साली! 1924 च्या पुरानंतर कालवा बंदच पडला, गाड्या मात्र शेजारून अजून धडधडत जातात. पुढे या काठाने मोटाररस्ता करायचं घाटत होतं. तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती डग्लस 1954 मध्ये कंबरलंडहून वॉशिंग्टनपर्यंत पायी चालले आणि रस्त्याची बाजू घेणाऱ्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या संपादकांनाही सोबत चालवलं. त्यामुळेच आज आपल्याला सायकली घेऊन जाता येतंय.

लहान मुलांनी कटॉक्टिनच्या जलसेतूपर्यंत, म्हणजे कालवा ओढ्यावरून नेणाऱ्या पुलापर्यंत यावं, सव्वातीन मैल. 1973 मध्ये त्याच्या दोन कमानी कोसळल्या होत्या, 2011 मध्ये पुन्हा उभा केला. दम असेल तर आणखी साडेतीन मैलांवर ब्रन्सविक गाव.

पुढे जाणाऱ्यांना एक इशारा: हार्पर्स फेरीच्या पुलावर सायकल चालवायची नाही, आणि मेरीलँडच्या बाजूला पुलावर चढायला जिना आहे. तेव्हा कुलूप आणा आणि सायकली खालीच ठेवा. ऑक्टोबर 1859 मध्ये जॉन ब्राउन गुलामीविरुद्ध उठावासाठी मेरीलँडच्या याच बाजूने रात्री नदी ओलांडून हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर चालून गेला होता. त्याला पकडणाऱ्या तुकडीचा प्रमुख होता रॉबर्ट ई. ली, पुढे यादवी युद्धात दक्षिणेचा सेनापती झालेला तोच!

आठ वर्षांच्या मुलीची आई:

काका, आता यावंच लागणार. जलसेतूपर्यंत आम्ही नक्की. पाण्याचं काय?

सहल समिती:

वाटेतल्या तंबू ठोकायच्या तळांवर हातपंप असतात, पण पाण्याला आयोडीनची चव असते, मुलं नाक मुरडतील. घरूनच भरून आणा. काकांचं ऐकून दोन गट केलेत: पहिला जलसेतूशी दहाला थांबून परत फिरेल, दुसरा पुढे जाईल. दोन्ही गटांत सगळ्यांच्या मागे समितीचा एक माणूस असेल, त्याला मागे टाकून जायचं नाही. शुक्रवारी जोराचा पाऊस झाला तर सहल आठवडाभर पुढे, कारण त्या वाटेवर चिखल फार होतो.

पंक्चरवाले काका:

जलसेतूच्या गटामागे मी राहीन. माझा पंप जाड व्हॉल्व्हचा आहे, प्रेस्टावाल्यांनी (बारीक व्हॉल्व्ह असलेल्यांनी) आपापला आणावा.