इव्हेंच्युअली, फायनली, अ‍ॅट लास्ट : सगळ्यांना एकच 'शेवटी'?

भाचीच्या पेपरात गाळलेली जागा होती, दोन तास थांबलो आणि डॅश बस आली, असं इंग्लिश वाक्य. तिने लास्टली लिहिलं, मार्क गेला. मामा, डिक्शनरीत तर सगळ्यांपुढे शेवटी असंच लिहिलंय, मग माझं काय चुकलं? आणि खरंय तिचं, तो एक अर्थ देऊन भागतच नाही.

लास्टलीचं सोपंय, मुद्दे मोजताना 'आणि शेवटचं म्हणजे' म्हणतो ना तेवढंच त्याचं काम, वाट बघण्याशी त्याचा संबंध नाही. फायनली तिथेही चालतं आणि बसलाही चालतं, पेपरात 'अखेर पाऊस आला' अशी हेडिंग असते त्यातलं अखेर म्हणजे फायनली.

अ‍ॅट लास्टला मात्र आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, एकदाचा! एकदाची बस आली, एकदाचं लग्न झालं, एकदाचा निकाल लागला. इंग्लिश शब्द तसाच राहतो, आपला लिंगाप्रमाणे बदलतो, पण 'सुटलो बुवा' ही भावना दोन्हीत सारखी. म्हणूनच कोणी आजारपणात वारलं तर अ‍ॅट लास्ट ही डाइड चुकूनही लिहू नका, ते 'एकदाचा गेला' असं वाटतं, जणू आपण वाटच बघत होतो. तिथे इव्हेंच्युअली लिहायचं.

इव्हेंच्युअलीमध्ये सुटका नाही की आनंद नाही, मधे बराच काळ गेला, बरंच काही झालं आणि मग ते झालं एवढंच. सरतेशेवटी, होता होता. पुढच्या काळाबद्दल असेल तर कधी ना कधी, म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला आपण 'जमेल रे हळूहळू' म्हणतो तसं यू विल इव्हेंच्युअली लर्न, तिथे अ‍ॅट लास्ट टाकलं तर धीर द्यायच्या ऐवजी टोमणाच बसतो.

जर्मन शिकणाऱ्यांनी अजून एक सांभाळा. तिकडचा एव्हेंटुएल दिसतो असाच पण अर्थ 'कदाचित', फ्रेंचमधल्या त्याच्या भावंडाचंही तेच. आमच्या टीमला एका जर्मन क्लायंटचा इंग्लिश मेल आला होता, आम्ही इव्हेंच्युअली मार्चमध्ये येऊ, ते येणारच असं धरून आम्ही हॉटेल बुक केलं, आणि त्यांना म्हणायचं होतं जमलं तर येऊ.