मदत हवी आहे : दोन 'नजर', दोन 'शहर'. अरबी कुठला, फारसी कुठला?

नमस्कार मंडळी,

गेले आठ-नऊ महिने मी मोडी शिकते आहे. कारण घरचंच आहे. गावच्या घरी माळ्यावर पत्र्याची पेटी आहे आणि तिच्यात आजेसासऱ्यांनी जपलेला कागदांचा एक रुमाल. पंचवीसेक कागद असतील, कडा वाळवीने खाल्लेल्या. सासूबाईंचं वय ८४. त्यांच्या देखत निदान एक कागद तरी नीट वाचून दाखवावा, एवढीच इच्छा आहे. एकाचं लिप्यंतर पूर्ण झालं. अक्षरं लागली, पण शब्दांशी अडले आहे.

अडलेली ओळ अशी:

'छ ७ सफर, सन अर्बा तिसैन मया व अलफ … सदरहू वतनाबाबत रुपये पांच नजर'

तारीख लागली. 'छ' म्हणजे चांद्र तारीख. अर्बा चार, तिसैन नव्वद, मया शंभर, अलफ हजार, म्हणजे जुन्या मराठी कागदांतल्या शुहूर कालगणनेचं सन ११९४. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७९३. सफर हा हिजरी महिना त्या वर्षी सप्टेंबरात येतो. इथवर ठीक.

चुकले ते 'नजर'पाशी. पाच रुपये नजरेखालून घातले, म्हणजे मोजून पाहिले, असा मी अर्थ लावला आणि सासूबाईंना तसं सांगूनही टाकलं. त्याचं मला फार वाईट वाटतंय. नंतर कोश उघडला तेव्हा कळलं की ही डोळ्यांची नजर नव्हेच. डोळ्यांची नजर अरबीत 'ज़ोय' अक्षराने लिहितात. भेट देतात ती 'ज़ाल'ने, आणि तिचा मूळ अर्थ नवस, स्वतःवर लावून घेतलेलं देणं. 'नजराणा' तिच्यातूनच निघाला. त्यातला शेवटचा 'आणा' तेवढा फारसी.

मग वाचत गेले. अरब माणूस ही अक्षरं वेगवेगळी उच्चारतो. इराणात ज़े, ज़ाल, ज़्वाद आणि ज़ोय ही चारही अक्षरं बोलण्यात एक झाली, लिहिण्यात मात्र वेगळी राहिली. आपल्याकडे शब्द आले ते त्या इराणी उच्चाराने, आणि देवनागरी-मोडीत उतरताना लिहिण्यातला भेदही गेला. जमीन, मजकूर, जप्ती, जुलूम या चार शब्दांत ती चार वेगळी अक्षरं आहेत, आपल्यापाशी मात्र एकच 'ज'. हे समजल्यापासून कुठल्याच शब्दावर भरवसा वाटेनासा झालाय.

जाणकारांना विचारायचं ते असं:

'शुहूर' हे 'शहर'चं अनेकवचन आहे आणि त्याचा अर्थ 'महिने', असं वाचलं. मग आपलं शहर, म्हणजे नगर, ते कुठलं? महिन्याचा आणि गावाचा संबंध कसा लागतो?

'सफर' महिना आणि प्रवासाची सफर, हा शब्द एकच का?

ज्यात कागद बांधलेत त्या 'रुमाला'तला 'माल' आणि दुकानातला माल एकच का?

आणि मुख्य म्हणजे शब्द पाहून ओळखण्याची काही खूण आहे का? अरबीत प, च, ग नाहीत, म्हणून ज्यात ते असतील तो शब्द फारसी, असा नियम मी वहीत लिहिला होता. पण 'गरीब' आणि 'गैरहजर' अरबी निघाले आणि नियम मोडला. कृपया मार्गदर्शन करा.

प्रतिसाद

ताई, नियम टाकून देऊ नका, पण अर्धाच धरा. पेशवा, चाकर, गुमास्ता हे फारसी, तिथे तो चालतो. गरीब, गैर, गायब यांच्या आरंभी मुळात 'ग' नाही, 'ग़ैन' आहे, घशातून काढायचा. मराठीत त्याचा ग झाला. 'प'ही फसवतो. 'तपशील' घ्या. तो अरबी 'तफ़सील', आपण फचा प केला. परक्या शब्दांत त्यातल्या त्यात भरवशाचा 'च'.

त्यापेक्षा चांगली खूण म्हणजे शब्दाची भावंडं शोधायची. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो, आणि स्वर बदलले, पुढे 'म' किंवा 'त' लागला की नवा शब्द होतो. महसूल, तहसील, हासील तोंडाने म्हणून पाहा. ह-स-ल तिन्हींत ऐकू येतं, अर्थ पदरात पडणं, गोळा करणं. तपशील, फैसला आणि फसली सन (महसुलाचं वर्ष) हेही असेच सख्खे. फ-स-ल म्हणजे वेगळं करणं. फारसीची रीत निराळी, ती शब्दाला शब्द जोडते: दर-बार, पेश-वा. आणि 'दार' कुणाच्याही मागे लागतो. किल्लेदारातला किल्ला अरबी, दार फारसी. अशा वेळी 'हा शब्द कुठला' या प्रश्नाला एक उत्तर नसतं, ते दोन तुकड्यांनी द्यावं लागतं.

रुमाल तसाच जोडलेला. 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' हे 'मालीदन'मधलं, म्हणजे चोळणं, पुसणं. तोंड पुसायचं फडकं. आपली मालिश त्याच घरातली. दुकानातला माल अरबी आहे, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

सफर दोन. प्रवासाची 'सीन'ने, महिन्याची 'स्वाद'ने. गंमत म्हणजे शून्याला अरबीत 'सिफ़्र' म्हणतात, तो महिन्यासारखाच लिहिला जातो, तीच तीन अक्षरं. दोन्हींचं मूळ 'रिकामं असणं'.

शहराचं उत्तर मला स्वतःला फार आवडतं. अरबी 'शह्र' म्हणजे महिना. त्याच धातूतून 'मशहूर', जे सगळ्यांना ठाऊक झालं ते. फारसी 'शह्र' म्हणजे नगर, तो अगदी वेगळा. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, तो 'ख्शथ्र' आहे, अर्थ राज्य, सत्ता, आणि संस्कृतातलं त्याचं भावंड म्हणजे 'क्षत्र'. राज्याचा अर्थ आक्रसत नगरावर आला. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखांत नहपान या राजाची पदवी 'क्षत्रप' आहे, तो शब्दही त्याच इराणी मुळातून आलेला. म्हणजे हे मूळ महाराष्ट्रात दोनदा पोचलं, आधी क्षत्रप होऊन आणि पुष्कळ शतकांनी शहर होऊन.

आणि ताई, हे दोन 'शह्र' अरबी लिपीतही हुबेहूब सारखे लिहितात, शीन, हे, रे. तेव्हा सगळा दोष मोडीवर घालू नका. इथे मूळ लिपीही वाचणाऱ्याला संदर्भावरच सोडते. 'मलिक' राजा, 'मुल्क' देश, 'मिल्क' मालमत्ता आणि 'मलक' देवदूत हे चारही अरबीत मीम, लाम, काफ एवढेच लिहिले जातात. पहिले तीन एकाच धातूचे, आपला मुलूख आणि मालक त्यांच्यातलेच. देवदूत मात्र वेगळ्या धातूचा, 'पाठवणं' या अर्थाच्या. दिसायला सारखा म्हणून नात्यातला समजू नये.

प्रतिसाद

मी शारजात राहतो, म्हणून एवढी एक जोडी. आपली 'इमारत' आणि इथली 'अमिरात'. मराठीत लिहून पाहिलं तर एकाच शब्दाची दोन रूपं वाटतात. पण इमारतीच्या आरंभी 'ऐन' हे घशातून काढायचं अरबी अक्षर आहे, धातू वस्ती करण्याचा, आयुष्याचा. उमर म्हणजे वय, ते त्यातलंच. अमिरातीच्या आरंभी साधा 'अलिफ', धातू हुकुमाचा: अमीर, आणि त्याचं अनेकवचन उमराव. ऐन आपल्याकडे उच्चारातच नाही, तो सगळीकडून गळाला. तुमच्या वहीत चार 'ज'च्या शेजारी त्याचीही नोंद ठेवा.

धागाकर्तीकडून

मंडळी, मनापासून आभार. वहीत आता 'नियम' असं पान नाही, 'भावंडं' असं पान केलंय.

रविवारी गावी जाऊन सासूबाईंजवळ बसले आणि ओळ पुन्हा वाचली: 'या वतनाबाबत पाच रुपये सरकारात भेट म्हणून दिले.' आधी चुकीचं सांगितलं होतं, तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं, मला विचारायचंस. दसऱ्याला पाटलांच्या वाड्यावर नारळ नजर करायचे, आम्ही लहानपणी तसंच म्हणायचो." शब्द घरातच होता, आणि मी तो कोशात शोधत होते.

आता पुढचा कागद घेतलाय. देवीच्या उत्सवाचा हिशेब आहे. तेल, गूळ, शिधा, आणि शेवटी 'बाजे खर्च रुपये दोन'. उत्सव आहे म्हणून वाजंत्र्यांचा खर्च असं वाटतंय, पण यावेळी विचारल्याशिवाय लिहिणार नाही. कुणी सांगेल का?

प्रतिसाद

बरं झालं विचारलंत. वाजतो तो बाजा 'वाद्य'वरून. हिशेबातलं 'बाजे' म्हणजे अरबी 'बअ़ज़', मध्ये ऐन, शेवटी ज़्वाद. काही, इतर. किरकोळ खर्च रुपये दोन, असं वाचा.