क्लिकर घेऊ की नको? अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्यासाठी सल्ला हवा

निळी_छत्री
नमस्कार. दीड वर्षाचा बिट्टू तीन महिन्यांपूर्वी निवाऱ्यातून घरी आला. वजन २२ किलो. स्वभावाने फार मायाळू, पण आनंद झाला की समोरच्याच्या छातीवर दोन्ही पाय. माझं ठीक आहे, पण आई ७४ वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. गेल्या आठवड्यात पडता पडता वाचली. माझ्याकडे रोज १० मिनिटं आहेत, त्याहून जास्त खरंच नाहीत. प्रशिक्षक लावायचा नाही, मारायचं तर अजिबातच नाही. दाबलं की 'क्लिक' वाजणारं ते छोटं यंत्र, क्लिकर, घेऊ का? आणि सुरुवात कुठून करू?

शेपूटवाला
घ्याच. बटणाचा घ्या. पत्र्याची पट्टी असलेला डबीसारखा येतो तो नको, फार कडक वाजतो. मनगटात अडकवायची दोरी असलेला बघा, नाहीतर ऐन वेळी हातातून पडतो. आमची लॅब्रॅडॉर आज ४० वस्तू नावाने ओळखून आणते. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास, दोन वर्षं एकही दिवस चुकवला नाही. चांगला प्रशिक्षक मिळाला तर तोही लावाच.

पायरीवर
त्यांनी १० मिनिटं म्हटलंय हो. आणि १० पुरतात. एकदम १० नको, तीन-तीन मिनिटांचे तीन तुकडे करा.
पहिल्या दिवशी काहीच शिकवायचं नाही. क्लिक, लगेच खाऊ. क्लिक, खाऊ. असं १५-२० वेळा. आवाज झाला की तो तुमच्या हाताकडे बघायला लागला म्हणजे अर्थ कळला. मग चारही पाय जमिनीवर असतील त्या क्षणी क्लिक. उडी मारून खाली आल्यावर नव्हे, उडी सुचायच्या आधी. सगळी मेख या वेळेत आहे. खाऊचा तुकडा वाटाण्याएवढा, आणि हातातून वर देऊ नका, जमिनीवर ठेवा. तोंड खाली गेलं की पाय खालीच राहतात.

जुनाजाणता
एवढे सोपस्कार कशाला? आमच्याकडे पाच कुत्री होऊन गेली. गळ्यातल्या साखळीला एक हिसका दिला की आठवड्यात सरळ. खाऊ दाखवून शिकवलेला कुत्रा खाऊ नसला की ऐकत नाही.

दुपारची_झोप
जुनाजाणता, आम्हीही साखळीच वापरली होती. उड्या थांबल्या, पण पाहुणे आले की तो गुरगुरायला लागला. पाहुणे आले की गळा आवळतो, एवढंच तो शिकला. ते निस्तरायला वर्ष गेलं. प्राण्यांच्या वर्तनावर काम करणाऱ्या अमेरिकी पशुवैद्यांच्या संघटनेनेही २०२१ च्या निवेदनात बक्षिसावर आधारलेल्या पद्धतीच वापरा असं स्पष्ट म्हटलं आहे.
आणि खाऊ 'दाखवायचा' नसतोच. आधी वर्तन, मग क्लिक, मग खिशातून खाऊ. हात आधी खिशात गेला तर कुत्रा हात बघायला शिकतो.

कोरा_कागद
थोडं अवांतर. क्लिकरशिवाय चालत नाही असं काही नाही. इटलीत ५१ कुत्र्यांना नाकाने डबा उघडायला शिकवलं होतं. काहींना क्लिकरने, काहींना शब्दाने, काहींना नुसत्या खाऊवर. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तिन्ही गटांत फरक आढळला नाही. मी 'हां' एवढंच म्हणते. दोन्ही हात मोकळे राहतात.

शेपूटवाला
डबा उघडणं वेगळं आणि बारीक हालचाल घडवणं वेगळं. शब्दात आपला राग, कंटाळा उतरतो, क्लिक दर वेळी तसाच असतो. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५१ मध्येच एका लेखात हातातल्या टिकटिक खेळण्याने कुत्र्याला शिकवायची रीत सांगितली होती. प्राण्यांना शिकवणाऱ्या कॅरेन प्रायर यांनी १९६० च्या दशकात हवाईत डॉल्फिनना शिट्टीवर शिकवलं, तत्त्व तेच. पाण्यातल्या डॉल्फिनला काय हिसका देणार?

कोरा_कागद
शिट्टीला विरोध नाहीच माझा. १० मिनिटंवाल्या माणसाला सोपं काय, एवढंच म्हणणं आहे.

मधली_सुट्टी
क्लिकर घ्या, +१. पण मुलांच्या हाती देऊ नका. आमच्या दोघांनी दिवसभर टकटक वाजवला, खाऊ काही नाही. आठवड्यात कुत्र्याने कान हलवणंही सोडलं. चुकून वाजला तरी खाऊ द्यायचाच, हा नियम. घरातल्या एकाच माणसाने शिकवावं, बाकीच्यांनी मध्ये पडू नये.

दुपारची_झोप
एकाच माणसाने, याला अनुमोदन. निवाऱ्यातला आहे म्हणून आणखी एक. आवाजाला घाबरत असेल तर क्लिकर मोज्यात गुंडाळून वाजवा. आमचा पहिल्याच क्लिकला पलंगाखाली गेला तो संध्याकाळी बाहेर आला. आणि खाऊमध्ये द्राक्षं, मनुका, चॉकलेट कधीच नको. मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

पायरीवर
सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. उडीकडे दुर्लक्ष करायला लागलात की पहिले काही दिवस उड्या वाढतात. आजवर चालत होतं ते का चालेना, म्हणून तो जोर लावून बघतो. तेवढे दिवस आई आणि बिट्टूमध्ये फाटक किंवा पट्टा हवाच. आईंना यात अजिबात उतरवू नका.

निळी_छत्री
सगळ्यांचे मनापासून आभार. आठ दिवस झाले म्हणून कळवते. तुम्ही रागवाल, पण क्लिकर घेतला नाही आणि शिकवतेय आईच. तिच्या बोटांना बटण झेपत नाही, शब्द झेपतो. दाराला लहान मुलांसाठी असतं तसं फाटक लावलं. ती आत खुर्चीवर, बिट्टू बाहेर. चार पाय खाली दिसले की 'शाब्बास' म्हणते आणि त्याच्या रोजच्या जेवणातलाच एक दाणा गजांतून खाली टाकते. माझ्याकडे १० मिनिटं होती, तिच्याकडे दिवस आहे. आणि उडी तिच्यावर पडते, तर पाय खाली ठेवायचे ते तिच्यासमोरच, हे त्याला तिच्याकडूनच कळावं असं मला वाटलं.
तिसऱ्या दिवशी उड्या खूप वाढल्या, पायरीवर म्हणाले तसंच. फाटक होतं म्हणून निभावलं. आईचा 'शाब्बास' कधी कधी उशिरा येतो. काल मात्र ती काठी टेकत उठली, फाटकापर्यंत गेली, आणि तो शेपूट हलवत बसून राहिला. फाटक अजून काढलेलं नाही.

पायरीवर
रागवत नाही. फाटक महिनाभर तरी काढू नका. आणि आईंना सांगा, शब्द आधी, मग हात दाण्याकडे.